धान्याच्या पिशवीचा शेक

आमच्या जोयडा तालुक्यात थंडीची चाहूल दिवाळीच्या सुमारासच लागते. काळी नदीच्या खोऱ्यावर पहाटे जे धुके उतरते, ते उन्हे चांगली वर आली तरी झाडांच्या शेंड्यांवरून हलावयाचे नाव घेत नाही. पावसाळाभर लावणीच्या चिखलात उभे राहून आखडलेले गुडघे, भातकापणीने वाकलेल्या कमरा आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी परतणाऱ्या वृद्धांची गारठलेली पावले, या सर्वांवरचा एक उपाय घरोघर ठाऊक आहे, आणि तो म्हणजे शेक. आजच्या भाषणाचा विषय हा शेकच आहे. परंतु तो चुलीपाशी बसून घ्यावयाचा जुना शेक नव्हे. सुती पिशवीत तांदूळ किंवा गहू भरून, ती मायक्रोवेव्हच्या भट्टीत तापवून दुखऱ्या जागी ठेवण्याची जी नवी रीत आता आपल्याही घरांत शिरली आहे, तिच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

ही भट्टी रामनगर, जगलबेट, जोयडा अशा गावांत आता अपूर्वाईची राहिलेली नाही. गोव्यात किंवा बेळगावात नोकरीस असलेली मुले आईवडिलांच्या सोयीसाठी ती आणून ठेवतात. पिशवी शिवणे हे तर तासाभराचे काम. बाजारी वस्तूला पैसे मोजावे लागतात, ही घरच्या तांदळाची होते. रबरी पिशवीसारखे उकळते पाणी ओतण्याची दगदग नाही, गळण्याची भीती नाही. इतकी सोपी आणि निरुपद्रवी दिसणारी वस्तू घर पेटवू शकते किंवा वृद्धाचे पाऊल कायमचे अधू करू शकते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आपला तालुका विस्ताराने मोठा, वस्ती विरळ आणि मध्ये दाट रान. शहरात भाजलेल्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेता येते. अनशीकडच्या एखाद्या वाडीतून तसे करावयाचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून हे सोपे साधन नीट समजून घेतलेले बरे.

शेकाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिला संकरस्वेद हा तापविलेल्या द्रव्यांचा गोळा कापडात बांधून किंवा कापडावाचून शेकण्याचा आहे. वाळूची पुरचुंडी, जाड्या मिठाची पोटली, ओव्याचा शेक, गरम विटेला गुंडाळलेले फडके, हे सारे त्याच कुळातले. परदेशातही हेच. स्वित्झर्लंड व जर्मनी या देशांत चेरीच्या फळांच्या बिया धुऊन, वाळवून पिशवीत भरतात आणि त्या तापवून अंथरुणात घेतात. तत्त्व सगळीकडे एकच आहे. कोरड्या, बारीक दाण्यांच्या राशीत उष्णता साठते, दाण्यांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे ती हळूहळू बाहेर पडते, आणि रास मऊ असल्यामुळे ती गुडघ्याच्या किंवा मानेच्या आकाराला बिलगते.

जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीत जो भेद आहे, तो उष्णता कोठून येते यात आहे. कढईतली वाळू तापते ती खालून. हात जवळ नेला की धग कळते, आणि ढवळणारा माणूस तेथेच उभा असतो. मायक्रोवेव्हमध्ये धग दिसत नाही. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर हा रडारच्या यंत्रांवर काम करणारा तंत्रज्ञ त्या यंत्राजवळ उभा असता त्याच्या खिशातली मिठाई वितळली आणि त्यावरून त्याला या भट्टीची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात. रडारला लागणाऱ्या ज्या सूक्ष्म विद्युत्-लहरी, त्याच या भट्टीत वापरतात. घरगुती भट्टीत या लहरी दर सेकंदाला सुमारे २४५ कोटी आंदोलने करीत दिशा पालटत राहतात. पाण्याचा प्रत्येक रेणू एका टोकाला किंचित धन व दुसऱ्या टोकाला किंचित ऋण असल्यामुळे या पालटांबरोबर वळू पाहतो, शेजारच्या रेणूंवर आपटतो, आणि त्या धडपडीतून उष्णता निर्माण होते. अर्थात् पिशवीत तापते ते मुख्यतः धान्यातले पाणी.

धान्य कोरडे असते ना, मग त्यात पाणी कोठले, असा प्रश्न वर्गात मुले नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. कोठीत ठेवलेल्या, हाताला खडखडीत लागणाऱ्या तांदळातही शंभर भागांत बारा-तेरा भाग पाणी असते. अर्धा किलो तांदूळ घेतले तर त्यात साठ-पासष्ट ग्रॅम, म्हणजे लहान कपाच्या अर्ध्याहून थोडे कमी, पाणी दडलेले आहे. हे पाणीच पिशवी तापविते आणि हेच पाणी तिला आवरूनही धरते. पाणी शिल्लक आहे तोवर जास्तीची उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते आणि धान्य शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. पाणी संपले की हा लगाम सुटतो. मग ज्या भागात लहरींचा जोर अधिक पडतो, तेथले दाणे शंभरावरून दीडशे, दोनशे असे चढत जाऊन करपू लागतात.

आता थोडे गणित करू या. ते कठीण नाही. एक किलो तांदळाचे तपमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे १.७ किलोज्यूल उष्णता लागते. अर्धा किलो तांदूळ पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांवर न्यावयाचे म्हणजे ३४ किलोज्यूल झाले. भट्टी ७०० वॅटची असेल आणि तिची सारी शक्ती धान्यात गेली, तर हे काम एकोणपन्नास सेकंदांत आटोपते. आता तीच पिशवी कोणी पाच मिनिटे ठेवली असे समजा. पाच मिनिटांत २१० किलोज्यूल उष्णता मिळते. धान्य शंभर अंशांपर्यंत नेण्यास ६४ आणि त्यातल्या साठ ग्रॅम पाण्याची संपूर्ण वाफ करण्यास सुमारे १३६, मिळून २०० किलोज्यूल लागतात. म्हणजे पाच मिनिटांत धान्य वाळून कोळ झाले आणि वर दहा किलोज्यूल करपण्यासाठी शिल्लकही राहिले! हिशोब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात सगळी शक्ती धान्यात जात नाही आणि पिशवी सर्वत्र सारखी तापत नाही. पण एक मिनिट आणि पाच मिनिटे यांमधला फरक ऊन आणि जास्त ऊन एवढाच नसतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रत्येक वेळी तापविताना थोडी वाफ निघून जाते. हाताला पिशवी दमट लागते, ती हीच. म्हणून महिनाभर रोज वापरलेली पिशवी पहिल्या दिवशीची राहत नाही. वरून ती तशीच दिसते, तेच कापड, तोच आकार. आत मात्र धान्य अधिकाधिक शुष्क झालेले असते. पहिल्या दिवशी जी दोन मिनिटे निर्धोक होती, तीच साठाव्या दिवशी धोक्याची ठरतात. त्यात आपल्या तालुक्याचे हवामान भर घालते. आषाढ-श्रावणात येथली हवा इतकी ओली असते की डब्यातले मीठ पाझरते; तेव्हा पिशवीतले धान्य हवेतून पाणी ओढून घेते, लवकर तापते आणि तिच्यातून कढत वाफ येते. चैत्र-वैशाखात तेच धान्य सुकते. घड्याळाच्या काट्याकडे पाहून केलेला शेक म्हणूनच पुरा विश्वासार्ह नाही. विजेचा दाब हाही एक प्रकार आहे. संध्याकाळी दाब उतरला की भट्टी दुबळी चालते, मग घरातले कोणी एक मिनिट वाढवून देते, आणि तीच वाढीव सवय पूर्ण दाबाच्या वेळीही चालू राहते. सूप्याच्या धरणाखाली जुने सूपे गाव गेले, त्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली, तरी रानातल्या कित्येक वाड्यांना ती फार उशिरा पोचली. जेथे पोचली तेथे तिचा स्वभाव असा लहरी, हे तालुक्यातल्या कोणालाही नव्याने सांगावयास नको.

आग कशी लागते, ते समजण्यास आपल्या शेतकऱ्याला पुस्तकाची गरज नाही. भाताच्या तुसाच्या ढिगाला एकदा निखारा लागला म्हणजे ज्वाला दिसत नाही, धूरही बेताचाच असतो. पण ढीग आतून दिवसेंदिवस धुमसत राहतो, आणि वर पाय पडला तर गुडघ्यापर्यंत भाजतो. पिशवीत हेच लहान प्रमाणात घडते. मधले मूठभर दाणे करपून धुमसू लागतात. भोवतालचे धान्य ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पिशवी भट्टीतून काढली, हाताला बरी लागली, अंथरुणात नेली आणि वर घोंगडी ओढली, म्हणजे होती नव्हती ती वाटही बंद झाली. मग अर्ध्या-पाऊण तासाने कापड पेटते आणि त्या वेळी माणूस झोपेत असतो. ब्रिटनमध्ये गव्हाच्या अशा पिशव्यांचा प्रसार फार. तेथे त्यांच्यामुळे आगी लागल्या, अग्निशामक दलांनी वारंवार इशारे दिले आणि २००४ साली मायक्रोवेव्हमध्ये तापवावयाच्या शेकपिशव्यांसाठी 'बी. एस. ८४३३' हे स्वतंत्र मानक करण्यात आले. घरी शिवलेल्या पिशवीला असले मानक लावावयास कोणी येत नाही. ते काम आपले आपणच केले पाहिजे.

तर पिशवी कशी शिवावी? कापड निव्वळ सुती हवे. मांजरपाट उत्तम, जुने धोतर किंवा धुऊन मऊ झालेले सुती लुगडे दुहेरी करून घेतले तरी चालते. हल्ली सुती म्हणून जे मिळते त्यात बहुधा कृत्रिम धाग्याची भेसळ असते, म्हणून कापडाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. शिवणाचा दोराही सुतीच असावा. ही गोष्ट पुष्कळजणी विसरतात, कारण दुकानातले दोरे आता बहुतेक पॉलिएस्टरचे असतात; ते वितळले की शिवण उसवते आणि कढत दाणे अंगावर सांडतात. जरीचा काठ, हूक, बटण, धातूची चेन यांपैकी काहीही पिशवीला नसावे. धातूवर या भट्टीत ठिणग्या उडतात.

पिशवी एक वीत रुंद आणि दोन विता लांब असावी. तीत अर्धा किलो धान्य घालावे, म्हणजे ती अंगावर नीट पसरते. आडव्या दोन शिवणी घालून तिचे तीन कप्पे केले तर सारे धान्य एका टोकाला जमत नाही. एका जागी ढीग जमला की तेथेच करपण्यास सुरुवात होते, म्हणून ही शिवण आळसाने टाळू नये. वरून काढता-घालता येणारा वेगळा सुती अभ्रा करावा. धुवावयाचा तो अभ्रा. आतली पिशवी कधीही भिजवू नये, कारण ओले धान्य कुजते, त्याला बुरशी येते.

धान्यांत मला तांदूळ पसंत आहे. सुरय वा उकडा, कोणताही चालतो. मात्र तो निवडलेला असावा आणि त्यात खडे नसावेत. गहूही चांगला. नाचणीचे दाणे बारीक असल्यामुळे पिशवी अंगाला फार छान बिलगते, परंतु कापड घट्ट विणीचे नसेल तर ते गळत राहतात. जवसात तेल असते. ती ऊब पुष्कळ वेळ धरते खरी, पण पुढे खवट वास येतो आणि तेलामुळे आगीची भीती वाढते. मका घालू नये, त्याच्या लाह्या फुटतात. सुगंधासाठी धान्यात तेलाचे थेंब, निर्गुडीची वाळकी पाने किंवा ओवा मिसळण्याची हौस काहींना असते. वाळके पान धान्याच्या आधी पेटते. हौसच असेल तर पिशवी तापवून बाहेर काढल्यावर ती पाने अभ्र्याच्या आत ठेवावीत. वाळू व मीठ ही मात्र भट्टीची द्रव्येच नव्हेत. नदीच्या वाळूत लोहाचे कण असतात आणि दमट मीठ कोठे तापते, कोठे तापत नाही. त्यांची जागा चुलीवरच्या कढईत.

पिशवी शिवून झाली की ती तराजूवर घालावी आणि तिचे वजन व महिना तिच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा. ही सूचना माझी स्वतःची आहे, आणि वरच्याच गणितातून ती निघते. साठ-पासष्ट ग्रॅमपैकी निम्मे पाणी गेले, म्हणजे वजन मूळच्यापेक्षा तीस ग्रॅमांनी उतरले, तर त्या धान्याचे काम संपले असे समजावे. स्वयंपाकघरातला छोटा तराजू किंवा वाण्याकडचा काटा एवढे सहज सांगतो. पावसाळ्यात वजन पुन्हा वाढते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. नाक हा दुसरा पारखी. भाजक्या दाण्याचा, करपलेल्या भाताचा वास आला, कापडावर तपकिरी डाग दिसला, तर वजन काहीही असो, पिशवी बाद करावी.

तापविताना भट्टी स्वच्छ असावी. आत सांडलेल्या तेला-तुपाचे डाग पिशवीला लागले तर ते आधी पेटतात. पिशवी सपाट पसरावी आणि आतली काचेची थाळी मोकळी फिरते की नाही ते पाहावे. घडी घातलेली लांब पिशवी कडेला अडकून थाळी थांबते, आणि मग लहरी एकाच जागी पडत राहतात. करपण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. शेजारी अर्धा कप पाणी ठेवण्याची रीत चांगली, कारण जास्तीची शक्ती ते पाणी घेते. मात्र तो कप बाहेर काढताना सांभाळावे, पाणी एकाएकी उसळते. प्रथम एक मिनिट. मग पिशवी बाहेर काढून उलटावी, दोन्ही हातांनी मळावी, म्हणजे मधले तापलेले दाणे कडेच्या थंड दाण्यांत मिसळतात. कमी वाटली तर आणखी तीस सेकंद, आणि पुन्हा मळणे. दोन मिनिटांच्या पुढे अर्ध्या किलोची पिशवी कधी नेऊ नये. भट्टी चालू असताना तेथून हलू नये. धूर दिसला तर दार मुळीच उघडू नये. बटण बंद करून तारेचा खटका काढावा आणि हवा न मिळून ती आपोआप विझू द्यावी. दार उघडले की धुमसणाऱ्या कापडाला वारा मिळतो.

एकदा वापरलेली पिशवी पुन्हा तापविण्यापूर्वी पूर्ण थंड झाली पाहिजे. दोन तास तरी जावेत. कोमट पिशवी मूळच्याच वेळेएवढी तापविली तर ती चाळीस अंशांपासून पुढे चढते, आणि आपण मात्र ती पंचवीसपासून चढत आहे असे समजतो. थंड होण्यासाठी ती फरशीवर किंवा दगडी ओट्यावर उघडी ठेवावी. गादीवर, कपड्यांच्या ढिगात किंवा कपाटात ठेवू नये. अंथरूण ऊबदार करण्यासाठी पिशवी पांघरुणाखाली सारून निजणे ही तर सरळ आगीची निमंत्रणपत्रिका आहे.

येथवर घराची चिंता केली. आता शरीराची करावयाची आहे, आणि ती अधिक नाजूक आहे. कातडी भाजते ती केवळ तपमानाने नव्हे, तपमान आणि वेळ या दोहोंच्या एकत्रित परिणामाने. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. साठ अंशांची वस्तू पाच सेकंदांत भाजते. एकोणपन्नास अंशांची वस्तू सुमारे दहा मिनिटांत. आणि चव्वेचाळीस अंशांची, जी हाताला केवळ सुखद ऊन वाटते, तीही सहा तास एकाच जागी दाबून राहिली तर कातडी मरते. म्हणून रात्रभर उशाशी किंवा पायाशी ठेवण्याचा शेक हा शेक नव्हेच. पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये टॉवेलाची एक घडी, दर पाच मिनिटांनी उचलून कातडी पाहणे, आणि पिशवी अंगावर ठेवणे पण आपण पिशवीवर न निजणे, एवढे पाळले तर बहुतेक माणसांना काही अपाय होत नाही. अंगावर ठेवण्याआधी तिची परीक्षा मनगटाच्या आतल्या बाजूला करावी. कष्टाने घट्टे पडलेल्या तळहाताला खरी धग कळत नाही. पुष्कळ दिवस एकाच जागी शेक घेतल्यास कातडीवर जाळीसारखे तांबूस-काळे डाग उठतात. ते दिसले की शेक थांबवावा. काश्मीरात फेरणाच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्या लोकांत अशाच सतत भाजलेल्या कातडीवर कर्करोग होतो, हे तेथल्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदले होते.

बहुतेक माणसांना, असे मी म्हटले. ज्यांना ही मुभा नाही ती माणसे मात्र नेमकी तीच आहेत, ज्यांच्यासाठी आपण प्रेमाने पिशवी तापवितो. मधुमेहाने पुष्कळांच्या पावलांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. पाय गार पडले, बधिर झाले, अशी तक्रार आजोबा करतात. घरातली सून काळजीने पिशवी तापवून पायाशी ठेवते. आजोबांना बरे वाटते, कारण त्यांना काहीच वाटत नसते. सकाळी फोड दिसतो. मधुमेहात तो फोड भरून येत नाही, चिघळतो, आणि क्वचित् बोट किंवा पाऊल कापण्यावर पाळी येते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसाच्या हातापायांची, अर्धांगवायूने दुबळ्या झालेल्या बाजूची अवस्था अशीच असते. झोपेची गोळी किंवा दारू घेतलेला माणूसही याच पंक्तीत बसवावा. अशा पायांना ऊब हवी तर लोकरीचे किंवा सुती मोजे घालावेत, पांघरूण वाढवावे, पाय चोळावेत. तापविलेली वस्तू त्यांना लावूच नये, मग ती चुलीवरची असो की भट्टीतली.

तान्ह्या मुलाचेही तसेच. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून आईला आणि मुलाला शेक-शेगडी देण्याची चाल खेड्यांत अजून आढळते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो, त्याला वास नसतो, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. शेगडीऐवजी आईच्या कमरेला धान्याच्या पिशवीचा बेताचा शेक दिला तर ते पुष्कळच बरे. शस्त्रक्रियेची जखम असेल तर तेथे मात्र देऊ नये. मुलाला कोणतीच पिशवी नको. त्याच्या ऊबेची सोय निसर्गाने आईच्या छातीशी केलेली आहे. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून जगविली, आणि ती रीत आता जगभर मान्य झाली आहे.

शेक कोठे देऊ नये, हेही थोडक्यात सांगतो. ताजा मुरगळा, नुकताच लागलेला मार यांना पहिले दोन दिवस गार पाण्याची घडी हितावह. शेकाने सूज वाढते. लाल होऊन ठणकणारे गळू, ताप असलेला सांधा, नुकतेच बाम चोळलेली जागा यांनाही शेक देऊ नये. बाम आणि ऊब यांनी मिळून कातडी उतते. पोटात, विशेषतः उजव्या बाजूला खाली, दुखत असेल तर पिशवी बाजूस ठेवून डॉक्टरकडे न्यावे. ऊबेने दुखणे घटकाभर दबते, आणि आंत्रपुच्छाच्या दाहात तेवढी घटकाच मोलाची असते.

आणि भाजलेच तर? पहिली वीस मिनिटे त्या जागेवर साधे गार पाणी वाहू द्यावे. बर्फ नको. अंगठी, बांगडी, पैंजण सूज येण्याआधी काढावेत. टूथपेस्ट, शाई, चुना, हळद यांचे लेप लावू नयेत. त्यांनी जखम झाकली जाते आणि दवाखान्यात ती घासून काढताना रुग्ण पुन्हा विव्हळतो. फोड फोडू नये. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून निघावे.

ज्यांच्या घरी ही भट्टी नाही, त्यांचे काही बिघडत नाही. लोखंडी कढईत जाडे मीठ किंवा धुऊन वाळविलेली वाळू मंद आचेवर ढवळत तापवावी, उतरवून पाच मिनिटे थांबावे, मग दुहेरी सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून मनगटावर तपासावी. शिवलेली धान्याची पिशवी मात्र तव्यावर, निखाऱ्यांवर किंवा कुकरात तापवावयाची नाही. तिचे कापड आधी जळेल किंवा धान्य भिजेल.

भट्टीतली पिशवी वर्षाला एकदा तरी उसवावी, मग ती वजनात उतरलेली असो वा नसो. पावसाळ्यातल्या दमटपणाने आत सोंडे झालेले असतात, हे उसवल्याशिवाय कळत नाही. यासाठी भाताच्या मळणीनंतरचा काळ सोयीचा. जुने तांदूळ माणसाने खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत. शेणखताच्या खड्ड्यात टाकावेत. रिकामी पिशवी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. नव्या भाताच्या तांदळात ओल अधिक असते, म्हणून ते निदान महिनाभर मुरू द्यावेत आणि मगच भरावेत. तोवर नाताळ होऊन जातो, थंडी ऐन भरात येते, आणि कोपऱ्यावर जुने वजन खोडून नवे लिहिण्याएवढी जागा बहुधा उरलेली असते.